सोनं उजव्या हाताला

बत्तिसाव्या वर्षी मी आयटीआयला नाव घातलं तेव्हा गल्लीत बायकांना चार दिवस पुरेल एवढा विषय मिळाला. धाकटं लेकरू शाळेत जायला लागलं होतं, नवरा उसाच्या ट्रॅक्टरवर अर्धं वर्ष बाहेर, आणि मला लहानपणापासून रेडिओ उघडून बघायची खोड. सासूबाईंना आम्ही आत्या म्हणतो. त्यांनी एकच अट घातली.

"दोन वरसं घर मी बघते. पर नापास झालीस तर परत परीक्षा-बिरीक्षा न्हाई. गप घरी बसायचं."

मी हो म्हणाले. तोंडानं मी नेहमीच शूर असते.

रोज सकाळी घाटनांदूरहून एसटीनं अंबाजोगाई. वर्गात माझ्याहून निम्म्या वयाच्या पोरी आणि पोरं. पहिल्याच आठवड्यात सरांनी प्रत्येकाच्या हातात एकेक रेझिस्टर दिला. ज्वारीच्या दाण्याहून थोडा लांब, दोन्हीकडे तार आणि अंगावर रंगाचे चार पट्टे. प्रत्येक रंगाचा एक आकडा ठरलेला; ते वाचून तो वीज किती अडवतो ती किंमत ओहममध्ये सांगायची. माझ्या रेझिस्टरवर एका कडेला सोनेरी पट्टा होता. मी तो डावीकडे धरला आणि त्याच्या पुढून वाचायला लागले. लाल दोन, जांभळा सात, पिवळा म्हणजे चार शून्यं. उठून खणखणीत आवाजात सांगितलं, दोन लाख सत्तर हजार ओहम!

खरं उत्तर होतं चार हजार सातशे.

सरांनी विचारलं, सोनेरी पट्टा डावीकडे कावून धरला? मी म्हणाले, सर, आमच्याकडं लग्नात साड्यांच्या आधी सोनं दाखवतात. त्याला मागं कसं ठेवायचं? वर्ग हसला, पण गंमत अशी की आणखी तीन पोरींनी तेच केलं होतं. हसणाऱ्यांत त्याही होत्या. सर म्हणाले, "सोनं उजव्या हाताला. तो आकडा नाही, ती सूट आहे. शंभराला पाच इकडं किंवा पाच तिकडं, तेवढं चालतं. त्यालाच टॉलरन्स म्हणायचं."

घरी आले ते रंग घोकत. आत्यांना अक्षरओळख नाही, पण रंग त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतात. भाकरी थापता थापता त्या विचारायच्या, "चॉकलेटी?" मी म्हणायचे, एक. "राखाडी?" आठ. "हिरवा?" मी अडखळले की त्याच सांगायच्या, "पाच हाय, पाच." महिन्याभरात माझ्याआधी त्यांचं पाठ झालं, याचा मला भयंकर राग आला. टॉलरन्स समजावून सांगितला तर त्यांनी मान हलवली. "बरोबर हाय की. सूट दिली तेवढीच घ्यायची, जास्तीची न्हाई." मला जे समजायला दोन तास लागले होते ते त्यांनी पीठ मळताना उरकलं.

दोन वर्षं अशीच गेली आणि शेवटची प्रात्यक्षिक परीक्षा आली. बाहेरून परीक्षक आले होते. ट्रेमध्ये पाच रेझिस्टर. रंग वाचून किंमत लिहायची, टॉलरन्स काढायचा, मग मीटर लावून रेझिस्टर बरोबर की बाद ते ठरवायचं. चार सुतासारखे सरळ निघाले. पाचवा चॉकलेटी, काळा, लाल, सोनेरी. एक हजार. पाच टक्के म्हणजे पन्नास, म्हणून साडेनऊशे ते साडेदहाशे. मीटरनं दाखवलं एक हजार बासष्ट.

माझ्या आधी हाच ट्रे तपासलेल्या सहा जणांनी "पाचही बरोबर" लिहिलेलं टेबलावरच्या कागदांवर मला दिसत होतं. टोकं पुसून पुन्हा लावलं. दुसरा मीटर मागून घेतला. बासष्टच. मी लिहिलं, बाद.

परीक्षकांनी कागद बघितला. "ताई, बाराच ओहम जास्त आहे. बाकीच्यांनी चालवून घेतला."

घर, आत्या, ती अट, सगळं डोळ्यांसमोर आलं. गप्प बसावं हेच शहाणपणाचं होतं. पण चिडले की माझं शहाणपण टिकत नाही. "सर, त्याला पन्नासची सूट दिलीय, त्यानं बासष्ट घेतली. चालवून घ्यायचं तर मग पट्टा कशाला मारलाय?"

त्यांनी कागदावर सही केली आणि ते पुढच्या टेबलाकडे गेले. बाहेर आल्यावर आमचे सर मिश्कील हसत म्हणाले, तो पाचवा जळक्या बोर्डावरून काढलेला होता, मीच मुद्दाम ठेवला होता.

निकाल मोबाईलवर आला तेव्हा आत्या रानात मुगाच्या शेंगा तोडत होत्या. मी चप्पल न घालताच पळत गेले. पास, आत्या, पहिल्या वर्गात!

त्या उभ्या राहिल्या. पदराला हात पुसले. माझ्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "खरं सांगू का? तू पास होशील आसं मला एक दिस बी वाटलं न्हवतं."

दोन वर्षं या बाईनं पहाटे उठून माझा डबा केला होता. मी तिथंच, शेंगांच्या ढिगाशेजारी, त्यांच्या गळ्यात पडून रडले.