पंगतीतल्या कुंदाताई

भुताचा सिनेमा करताना भीती कमी आणि किस्सेच जास्त साठतात. तीन वर्षं परदेशात सिनेमा शिकून नागपूरला परतले, तेव्हा मला वाटलं होतं, शरदकाकांचा जुना भयपट चांगल्या कॅमेऱ्याने नव्याने केला की लोक खुर्चीतून उडतील. लोक हसले.

शरदकाका म्हणजे नागपूरच्या महाल भागातले लग्नाचे व्हिडिओवाले. वीसेक वर्षांपूर्वी त्यांनी त्याच कॅमेऱ्यावर सिनेमा केला. मेलेली मावशी भाचीच्या लग्नात पंगतीला येऊन बसते, एवढीच गोष्ट. केबलवर लागला आणि अख्खा महाल घाबरला! तो त्यांनी विश्वासाने माझ्या हाती दिला होता.

*

मावशीच्या भूमिकेत तेव्हाही कुंदाताई होत्या, आताही त्याच. मी त्यांना पांढऱ्या लेन्स लावल्या, केस मोकळे सोडायला सांगितले. जुन्यात त्या स्वतःच्या ठेवणीतल्या साडीत आल्या होत्या.

"मेली म्हणून वेणीही घालू नको का वं?" त्यांनी विचारलं.

मी समजुतीचं हसले आणि वेणी सोडली.

*

शहराबाहेर वाडीला, गोदामामागच्या घरात शूटिंग होतं. धुराचं मशीन सुरू केलं, तर बाहेरचे ट्रकवाले आग लागली समजून बादल्या घेऊन आत घुसले. नायक भिजला. त्या क्षणी त्याच्या चेहऱ्यावर जी भीती होती, ती पुढच्या कुठल्याच टेकमध्ये आली नाही. आणि मी कॅमेरा बंद केला होता!

*

सिनेमा एका चित्रपट महोत्सवाला पाठवायला दोन दिवस उरले असताना महालातल्या एका हॉलमध्ये भरदुपारी तो दाखवला. कुंदाताई पडद्यावर आल्या, संगीत कडाडलं, आणि हशा पिकला. शेजारच्या काकूंनी लेन्स कुठे मिळतात ते विचारलं.

काका हसले नाहीत. माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "तू लोकायले भेव दाखवून राहिली ना बेटा. आम्ही त्यायले जेवायले वाढून राहिलो होतो."

*

मग लोकांनी जुना लावायला लावला. पंगत आली. कॅमेरा सावकाश एकेका चेहऱ्यावर थांबत निघाला. इतकं हळू काहून, मी काकांना विचारलं.

"लग्नात एकही चेहरा सुटला तं पाहुणे नाराज होतात. तीच सवय."

नवरदेवाचे मामा, एक आजोबा, मेलेली मावशी, मग पुढची बाई. सगळ्यांना सारखाच वेळ. हॉलमध्ये कोणी खोकलंसुद्धा नाही.

*

नंतर तिथेच जेवणं होती. कुंदाताई पहिल्या पंगतीला बसल्या. पंगत भरली, पण त्यांच्या दोन्ही बाजूंची पानं रिकामीच. त्यांच्या सख्ख्या जाऊबाईसुद्धा मागून बसते म्हणाल्या.

"बसा ना वं, जित्ती आहो मी!" कुंदाताई म्हणाल्या.

वाढपी भात घेऊन आला. त्यांच्या पानापाशी जरा थांबला, आणि न वाढताच पुढे गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी महोत्सवाला कळवलं की आमचा सिनेमा येणार नाही. मग काकांना फोन केला. पंगत पुन्हा शूट करू, म्हटलं, आणि कॅमेरा तुम्ही धरा.