छपरावरचं प्लास्टिक

आमच्या ह्यांना भिंत कळते, बायको कळत नाही. गावाबाहेर सुलतानांच्या वेळचं ओसाड शहर आहे. आठशे वर्षांपूर्वी पाणी आटलं, माणसं निघून गेली. मशीद, हमाम म्हणजे गावाचं न्हाणीघर, बाजार सगळं मातीखाली गेलं. मातीत मातीचीच भिंत शोधायची म्हणजे खायचं काम नाही. हे खुरपीच्या पाठीने ठोकतात, कान देतात आणि म्हणतात, "इथे." तीस वर्षांत साहेब पाच बदलले, ह्यांचं "इथे" कधी चुकलं नाही.

खोदकाम संपलं की खड्डा बुजवतात. त्याआधी तळाला प्लास्टिक अंथरायचं, म्हणजे पुढे कोणी खणलं तर कळावं, इथे आधी खणून झालंय. बावीस वर्षांपूर्वी ते काम ह्यांच्याकडे होतं. आमच्याकडे पाऊस वर्षातून दोनदा, पण नेमका तेव्हाच आला. मुलगी अकरा दिवसांची, आणि छप्पर तिच्याच अंगावर गळत होतं. मीच म्हटलं, "त्या मेलेल्या शहराला कशाला हवंय प्लास्टिक?" ह्यांनी आयुष्यात माझं ऐकलं ते तेवढंच. प्लास्टिक आमच्या छपरावर, वर मातीचा थर.

यंदा नव्या मॅडम आल्या, आमच्या मुलीहून थोड्या मोठ्या. हमामाशेजारी त्यांना एक अंगण सापडलं, मऊ मातीने काठोकाठ भरलेलं. पोरगी हरखली. "काका, जाताना लोकांनी स्वतःच्या हातांनी अंगण पुरलं! केवढा जीव असेल त्यांचा त्यावर!" लगेच त्यावर प्रबंध लिहायला घेतला. जुने नकाशे जुन्या साहेबांबरोबरच गेलेले. ती माती ह्यांनीच बावीस वर्षांपूर्वी प्लास्टिकविना भरलेली, हे ठाऊक फक्त आम्हा दोघांना.

हे घरी आले ते जेवेनात.

"गप्प बसा," मी म्हटलं. "सांगितलंत तर काम जाईल. ते आठशे वर्षांपूर्वीचे लोक काय तक्रार करायला येणारेत?"

"अगं, ती ते मोठमोठ्या लोकांपुढे वाचणार. माझ्यापायी तोंडघशी पडेल."

चार दिवस ताट तसंच परत. पाचव्या दिवशी सकाळी छपरावर खरखर. बघते तर हे! खुरपी, ब्रश, सगळा सरंजाम घेऊन आमचंच घर खणतायत! प्लास्टिक निघालं. कोपऱ्यात लाल रंगात खड्ड्याचा नंबर, अजून ठळक.

ह्यांनी तो नंबर दाखवून सगळं सांगितलं, तेव्हा मॅडमनी लिहिलेली पानं मिटली म्हणे. मग एवढंच विचारलं, "काका, बाळ भिजलं नाही ना?" त्यांच्या वरच्या मोठ्या साहेबांनी मात्र काहीच विचारलं नाही. तीस वर्षं साऱ्या साहेबांनी ह्यांच्या शब्दावर नकाशात भिंती मांडल्या, आणि आता म्हणे विश्वास उरला नाही! शेवटचं काम दिलं: अंगण पुन्हा बुजवा. ह्यांनी आधी तळाला ते प्लास्टिक अंथरलं, एक सुरकुती राहू दिली नाही.

वर्षातल्या दोन पावसांतला एक त्याच दुपारी आला. घरभर पातेली मांडत मी तोंड उघडणारच होते. पण हे उरलेल्या कोरड्या कोपऱ्यात ताट घेऊन बसले होते. म्हणाले, "अजून वाढ."

मी वाढलं.