आईच्या चाफ्याची फांदी

वारासिवनीहून बालाघाटला येताना बसमध्ये शेजारी एक वयस्कर बाई बसली होती. आईच्या अंगणातला चाफा वादळात पडला होता. त्याची शेवटची फांदी मी ओल्या फडक्यात गुंडाळून आणत होते. आधी लावलेल्या दोन कुजल्या होत्या.

"ओलं काहून केलं वं बाई?" म्हणत तिने फडकं सोडलं, पानं खुडली आणि गळणारा चीक स्वतःच्या पदराने पुसला. "आठ दिवस सावलीत पडू दे. चीक सुकला का मंग लाव. पानी कमीच दे."

"सुकून मेली तर?"

"चाफा उपाशी नाही मरत, लाडानं मरते!" ती इतकी खळखळून हसली की पुढचे प्रवासीही हसले.

नाव विचारायच्या आत ती उतरली. यंदा चाफा फुलला. पहिलं फूल माळून मी कामावर गेले आणि दिवसभर सगळ्यांना मान वळवून दाखवलं.