दोन फूट कापलेला दांडा

लष्कराच्या लिलावातला तो दोन चाकांचा ट्रेलर मी कळंबोलीच्या एका भंगारवाल्याकडून उचलला. नेऱ्याला आमची रोपवाटिका होती. ती बायको बघायची, पोचवायचं काम माझं. मातीच्या गोण्या आणि कुंड्या पनवेलला न्यायला टेम्पो वेळेवर मिळत नसे, पण आमच्याकडे एक जुनी जीप होती. ट्रेलर मात्र मोठ्या ट्रकमागे चालण्यासाठी बनवलेला. त्याची कडी माझ्या कमरेला लागायची, जीपचा हूक गुडघ्यापाशी.

वेल्डिंगचे मिस्त्री वयाने साठीचे, बरीच वर्षं आखातात जहाजांची कामं करून आलेले. सगळे त्यांना चाचा म्हणायचे. त्यांनी जाड पट्ट्या लावून कडी खाली घेतली, चाकं बदलली. काम छान झालं होतं. मग मीच म्हणालो, "चाचा, कडीचा हा पुढचा दांडा दोन फूट कापा. आमच्या फाटकातून वळताना जागा पुरत नाही."

"तो उगाच लांब नाही, भाऊ."

"फाटक रुंद करता येईल की," बायको म्हणाली.

"माझ्या जबाबदारीवर कापा," मी म्हणालो. थोडं चिडूनच. चाचांनी ग्राइंडर उचलला.

दोन दिवसांनी ट्रेलरमध्ये मातीच्या गोण्या भरून आम्ही सकाळी निघालो. बायको शेजारी, चाचा मागच्या सीटवर. पहिल्या फेरीला मी येणारच, असं ते म्हणाले होते. गाव सुटेपर्यंत सगळं ठीक. उतार लागला आणि मला जीप मागून कुणीतरी ढकलतंय असं वाटलं. आरशात ट्रेलरचा डावा कोपरा दिसला. मग उजवा. पुन्हा डावा, या वेळी जास्त बाहेर. स्टिअरिंग हातात असूनही जीप माझं ऐकत नव्हती. समोरून एसटी येत होती.

माझा पाय ब्रेककडे गेला.

"ब्रेक नको," चाचा मागून म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "पाय काढा. स्टिअरिंग सरळ धरा, वळवू नका."

ट्रेलर शेपटीसारखा हलत होता आणि पाय उचलून नुसतं बसायचं, हे मला जमेना. बायकोने डॅशबोर्ड घट्ट धरला होता. "ऐका त्यांचं," ती म्हणाली. मी पाय काढला. एसटीवाल्याने गाडी पार कडेच्या मातीत उतरवली. आमचा ट्रेलर तिच्या अगदी जवळून गेला, खिडकीतल्या बायांचे चेहरे मला स्पष्ट दिसले. पुढे चढ होता. वेग कमी होत गेला, हेलकावे लहान झाले, जीप थांबली.

चाचा खाली उतरले, उकिडवे बसून दांडा वितीने मोजू लागले. आता ते काय म्हणणार हे मला माहीत होतं, आणि माझं उत्तरही तयार होतं: गोण्या मागे जास्त भरल्या गेल्या, दांड्याचा काय दोष.

ते उठले. "सांगितलंत तुम्ही, पण कापलं मी," ते म्हणाले. "मला कळत होतं. नाही म्हणायला हवं होतं."

मी मागे जाऊन पहिली गोणी उचलली. आम्ही तिघांनी अर्ध्या गोण्या रस्त्याच्या कडेला उतरवल्या, उरलेल्या पुढे ओढल्या आणि पायी चालणाऱ्याच्या वेगाने परत आलो.

जुना तुकडा जोडायला चाचांनी साफ नकार दिला. "जोड दिला तर मला झोप लागणार नाही." त्यांनी अख्खा नवा दांडा बसवला, मूळ होता तेवढाच लांब. चाकंही थोडी मागे सरकवली. मी फाटकाचा एक खांब पाडला.

पुन्हा चाचणीची वेळ आली तेव्हा मी जीपच्या दारापाशीच थांबलो. किल्ली बायकोने घेतली. तो उतार ती सावकाश उतरली. मी मागे चाचांशेजारी बसून, मान वळवून, ट्रेलर सरळ येतोय ना ते पाहत होतो. पुढचे दोन महिने पनवेलच्या फेऱ्या तिनेच केल्या.