पाटावरचा नांगर

दिवाकरभावजींना कॅप्टन म्हणायला सुरुवात मी केली. चेष्टेनेच केली, पण त्यांनी ती मनावर घेतली. गंगापूर रोडला आमची आणि त्यांची भिंत एकच आहे, त्यामुळे त्यांच्या घरात काय शिजतं, काय करपतं, हे मला विचारावं लागत नाही.

माणसाचं सगळं आयुष्य नाशिकरोडच्या नोटांच्या प्रेसमध्ये गेलं. आत जाताना झडती, बाहेर येताना झडती. असा माणूस निवृत्त झाल्यावर मोकळ्या पाण्याकडे पळाला तर नवल काय, असं माझा नवरा जयराम म्हणतो. भावजी गोव्याला जाऊन शिडाची बोट चालवायला शिकून आले. मग मुंबईच्या कुणाकडून एक वापरलेली छोटी बोट ट्रकवर घालून आणली आणि गंगापूर धरणाच्या पाण्यात ठेवली. मी तिला होडी म्हटलं की ते म्हणत, "वहिनी, यॉट." त्यानंतर कॉलनीला गाठींचं वेड लागलं, म्हणजे त्यांनी लावलं. गणपतीचा मांडव त्यांनी खलाशांच्या गाठींनी बांधला आणि तो सोडवताना शेवटी विळी आणावी लागली. कुठल्याही विषयात, मला हे माहीत नाही, असं वाक्य या माणसाच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं.

बोटीच्या अंगावर निळ्या अक्षरांत नाव घातलं होतं, उत्तरा. खऱ्या उत्तराताई मात्र तिच्यात कधी चढल्या नव्हत्या. त्या शाळेत गणित शिकवायच्या. स्वभावाने शांत, पण पाण्याची मोठी धास्ती. रामकुंडावर गेल्या तरी पायरीवरूनच ओंजळभर पाणी डोळ्यांना लावून मागे फिरायच्या. भावजींनी वर्षभर त्यांची मनधरणी केली. शेवटी माझ्यासमोरच त्या म्हणाल्या, "जिथे बोट उभी राहते आणि हलत नाही, तिथे नेणार असाल तर येते. हलली तर मला पुन्हा विचारायचं नाही. कधीच नाही."

"हलेल कशी?" भावजी म्हणाले आणि स्वयंपाकघरातून परात घेऊन आले.

परातीत पोळ्यांची भिजवलेली कणीक होती. त्यांनी काटा-चमच्यातल्या एका काट्याला दोरा बांधला, काटा कणकेत टाकला आणि दोरा सरळ वर ओढला. काटा सुटून आला. मग दोरा लांब सोडून आडवा ओढला, तर काटा कणकेत रुतत गेला. "हा नांगर, हा तळाचा चिखल. दोर सढळ सोडायचा, बोट मागे घेऊन एक हिसका द्यायचा, नांगर चिखल धरतो. मग काठावरची दोन झाडं एका रेषेत धरून बघत बसायचं. झाडं जागची हलली नाहीत म्हणजे आपणही हललो नाही." जागाही त्यांनी ठरवली होती. धरणाच्या पाण्याचा एक फाटा टेकड्यांच्या मध्ये शिरतो. तीन बाजूंनी आडोसा असतो, म्हणून सुट्टीच्या दिवशी सगळ्या बोटी तिथेच येऊन थांबतात. उत्तराताईंनी त्या काट्याकडे बराच वेळ पाहिलं आणि हो म्हणाल्या. मुहूर्त ठरला दसऱ्याचा. यंदाचं सीमोल्लंघन पाण्यावरून, असं भावजींनी दूधवाल्यापासून सगळ्यांना सांगितलं.

आदल्या दिवशी खंडेनवमी. त्या दिवशी आपण घरातली हत्यारं पुजतो, कुणी पाना-हातोडी, कुणी विळी, जयराम आपला लॅपटॉप. भावजींनी बोटीवरचा नांगर घरी आणला. चिंच लावून घासला, देवघरासमोर पाटावर मांडला, हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली. मला मुद्दाम बोलावून दाखवला. मी म्हटलं, "नवरदेव झालाय अगदी." तर ते गंभीरपणे म्हणाले, "वहिनी, उत्तरपूजा होईपर्यंत हात लावायचा नाही कुणी."

आणि कुणी लावलाही नाही.

दसऱ्याला श्रीखंडपुरीचं जेवण करून आम्ही दुपारी निघालो. बोटीत आम्ही चौघंच, ते दोघं आणि मी आणि जयराम. उत्तराताई मध्यभागी बसल्या, दोन्ही हातांनी कडा घट्ट धरून, पाण्याकडे अजिबात न बघता. त्या आडोशाच्या जागी पोचलो तेव्हा चारपाच बोटी थांबलेल्या होत्या. त्यातली एक आमच्या ओळखीची, दातांचे डॉक्टर आल्हाद यांची. आमच्या कॉलनीतल्या निम्म्या दाढांवर त्यांचा हात फिरला आहे. ते, त्यांची बायको यशश्री आणि काही पाहुणे गप्पा मारत बसले होते. त्यांनी हात केला.

भावजींनी शीड उतरवलं, पुढच्या टोकाला गेले, तिथलं झाकण उघडलं आणि तसेच ओणवे राहिले. मला त्यांची पाठ तेवढी दिसत होती. मला वाटलं, कंबर धरली. थोड्या वेळाने त्यांनी दोर पाण्यात सोडला, सोडतच राहिले, मग त्याचं वरचं टोक बोटीला बांधून मागे आले. चेहरा घामाने भिजलेला.

"बसला का नांगर?" उत्तराताईंनी विचारलं.

"बसला," ते म्हणाले. "खडकासारखा."

वारा नव्हताच. पाणी परातीतल्यासारखं स्थिर. उत्तराताईंनी एक हात सोडला, मग दुसरा. चपला काढल्या, पाय लांब केले, डब्यातली करंजी खाल्ली आणि म्हणाल्या, "बरं आहे हो इथे. उगीच घाबरत होते मी." वर्षभर ज्या शब्दांची वाट पाहिली ते ऐकूनही भावजी हसले नाहीत. त्यांनी नजर काठाकडे वळवली.

दुपार उतरली तसा टेकड्यांच्या फटीतून वारा आत आला. मी आपली सवयीने बडबडत होते. म्हटलं, "भावजी, तुमची ती दोन झाडं कुठली? कारण समोरचं बाभळीचं झाड मघापासून चालतंय."

जयराम हसला. उत्तराताई हसल्या नाहीत. त्यांनी झाडाकडे पाहिलं आणि पुन्हा कडा धरली. तेवढ्यात आमची बोट आडवी होत डॉक्टरांच्या बोटीवर जाऊन धडकली. करंज्यांचा डबा पाण्यात गेला. उत्तराताई गुडघ्यावर पडल्या. त्या ओरडल्या नाहीत, नुसतं "अहो" म्हणाल्या. तो आवाज अजून माझ्या कानात आहे.

डॉक्टरांनी पटकन आमची कडा धरली. "काका, नांगर घसरला वाटतं. दोर वर घ्या, नाहीतर आमच्या दोरात अडकेल."

भावजी उठेनात, म्हणून जयरामने दोर ओढायला घेतला. तो इतका हलका येत होता की जयरामच्या हातांनाच कळलं. शेवटचं टोक वर आलं. त्याला थोडं शेवाळ होतं. नांगर नव्हता.

पलीकडच्या बोटीवरचे पाहुणे माना उंच करून बघत होते. सगळ्यांना कळलं होतं की या माणसाने नुसता दोर पाण्यात सोडला आणि बायकोला सांगितलं, खडकासारखा बसलाय. तिथेच ते चुकलो म्हणाले असते तर हसून संपलं असतं. पण त्यांनी उत्तराताईंकडे बोट केलं. "हिने काढून ठेवला असेल. पूजेच्या नादात हिला भान राहत नाही."

उत्तराताई गुडघा चोळत बसल्या होत्या. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

माझी जीभ कुणाच्या ताब्यात नसते. "भावजी, पाटावर तुम्हीच बसवलात त्याला," मी म्हटलं. "हात लावायचा नाही असं बजावलंतही. तो बिचारा अजून माळ घालून देवघरात बसलाय."

पलीकडे हशा पिकला. भावजींचा चेहरा असा झाला की मी पुढचं वाक्य गिळलं, आणि माझ्या बाबतीत असं क्वचितच होतं. डॉक्टरांनी आमची बोट त्यांच्या बोटीला बांधून धक्क्यापर्यंत ओढत नेली. संध्याकाळी कॉलनी सोनं द्यायला घरोघर फिरत होती. त्यांच्या दारात आपट्याची पानं मी एकट्या उत्तराताईंच्या हातात दिली. भावजी आतल्या खोलीत होते.

दवाखान्यात येणारी माणसं तोंड उघडायलाच येतात, त्यामुळे गोष्ट कॉलनीत पसरायला वेळ लागला नाही. भाजीवालीसुद्धा भावजींना कॅप्टन म्हणून हाक मारायला लागली. ते दूध आणायला उजाडायच्या आत जायला लागले. एकदा जिन्यात भेटले, मी तोंड उघडायच्या आतच म्हणाले, "वहिनी, आज नको." मी खरंच नुसतं जेवलात का विचारणार होते.

उत्तराताई माझ्याकडे मेथी निवडायला बसल्या होत्या तेव्हा एकदाच बोलल्या. "बोट हलली याचं मला काही नाही, उज्वला. नांगर विसरले, त्याचंही नाही. मी निर्धास्त होऊन पाय लांब केले, तेव्हा ते बघत होते माझ्याकडे. आणि मग चारचौघांत माझं नाव घेतलं."

दुसऱ्या दिवशी भावजी आमच्या दारात उभे. आत या म्हटलं तरी येईनात. "उत्तराला बोलवा इकडे," म्हणाले. "त्या दिवशी तुमच्या दोघांसमोर बोललो, तर हेही तुमच्यासमोरच बोलतो." उत्तराताई ओल्या हातांनी आल्या. भावजी माझ्या पायपुसण्याकडे बघत म्हणाले, "नांगर मी विसरलो. खोटंही मीच बोललो. हिचा काही संबंध नव्हता."

"डॉक्टरांच्या पाहुण्यांनीही ऐकलं होतं," उत्तराताई म्हणाल्या आणि कुकर लावलाय म्हणून आत गेल्या.

म्हणून रविवारी भावजी बोट घेऊन एकटेच निघाले. उत्तराताई मला म्हणाल्या, "तू आणि जयराम चला. मी काठावर बसेन." टेकडीला वळसा घालून कच्च्या रस्त्याने आम्ही त्या पाण्याच्या काठी गेलो आणि सतरंजी टाकून बसलो. भावजींनी नांगर टाकला. दोर सढळ सोडला, बोट मागे घेऊन हिसका दिला, आणि मग कितीतरी वेळ उभं राहून ते काठावरच्या झाडांकडे बघत राहिले. त्यानंतर बोटीमागे बांधून आणलेल्या छोट्या रबरी नावेत उतरून डॉक्टरांच्या बोटीकडे वल्हवत गेले. आज पाहुण्यांची गर्दी तीच होती की नवी, ते लांबून कळत नव्हतं. भावजी त्या डुलणाऱ्या नावेत उभे राहिले आणि बोलायला लागले. शब्द आमच्यापर्यंत पोचत नव्हते. एकदा तोल गेला, सावरले, पुन्हा बोलले. यशश्रीने त्यांना वर यायची खूण केली, पण ते गेले नाहीत.

"काय म्हणत असतील?" मी विचारलं.

"म्हणू दे," उत्तराताई म्हणाल्या. त्यांची नजर रिकाम्या बोटीवर होती. वारा आत आला होता. बोट वाऱ्याकडे तोंड करून ताणली गेली आणि तिथेच राहिली.

भावजी काठावर आले तेव्हा विजार गुडघ्यापर्यंत भिजलेली होती. ते सतरंजीच्या कडेला, उत्तराताईंपासून हातभर अंतर ठेवून बसले. मी डब्यातला पेरू कापून दिला तो हातातच धरून बसले. जयरामला राहवेना. "वहिनी, बोट काही हलत नाही आज. एक चक्कर मारून यायची का?"

"मला कुणी विचारलं कुठे?" उत्तराताई म्हणाल्या.

भावजींनी मान वर केली, तोंडही उघडलं. पण विचारायचं नाही, कधीच नाही, हे त्यांना सांगून झालेलं होतं, आणि ते मोडायची हिंमत त्यांच्यात उरली नव्हती. त्यांनी पेरूची फोड खाल्ली. ऊन कलेपर्यंत आम्ही चौघं तिथे बसलो, समोर ती बोट, आणि तिच्यावर निळ्या अक्षरांतलं नाव.