शिवण बाहेरच्या बाजूला

"आतून बगू दे आधी."

नवा कपडा घालून कुणीही समोर गेलं की मामींचं हे वाक्य ठरलेलं. मग त्या कुर्त्याची कड चिमटीत धरून उलटवायच्या आणि आतल्या शिवणीवरून नख फिरवायच्या. समोर कोण आहे, चार माणसं बघताहेत का, याचा विचार नसे. आमच्या गल्लीतली एक नवी सून पाया पडायला वाकली, तेव्हा एका हाताने आशीर्वाद देता देता दुसऱ्या हाताने त्यांनी तिच्या ब्लाउजची बाही उलटवली. "बाहीरून लय भारी हाय माय. आतून धागे लोंबायलेत." ती बिचारी वाकलेलीच राहिली. सासूने पदर तोंडाला लावला.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांचं बोलणं बोचतं म्हणून आपण त्यांच्या दारावरून लवकर पाय उचलतो, आणि कपडा फाटला की त्यांच्याच दारात जाऊन उभे राहतो.

त्या माझ्या सख्ख्या मामी नव्हेत. पूर्णा गावात रेल्वे क्वार्टरांच्या मागच्या गल्लीत, आमच्यापासून दोन घरं पलीकडे त्या राहायच्या. नवरा रेल्वेत खलाशी, म्हणजे मदतनीस कामगार होता. तो गेल्यावर घरात मामी आणि त्यांची पायमशीन राहिली. मूलबाळ नव्हतं. ते सगळ्या गल्लीला माहीत होतं आणि त्यावर त्यांच्यासमोर कुणी बोलत नसे.

नवऱ्याचे ड्यूटीचे निळे शर्ट त्यांनी टाकले नाहीत. एकेक उसवून, खांद्यात लहान करून, घरकामाला साडीवर घालायचे सदरे केले. खिसा तेवढा तसाच ठेवला. त्यात खडू, दोऱ्याचं रीळ आणि कागदात गुंडाळलेलं अर्धं ब्लेड असायचं. पोरं चिडवायची, "मामी, आज दिवसपाळी का रातपाळी?"

"खिसा हाय ह्याला," मामी म्हणायच्या. "तुमच्या आयांच्या कपड्याला हाय का, जावा इचारून या."

कुणाला काही शिवून द्यायचं नाही, हा त्यांचा नियम होता. "तुझं तू शिव. मशीन हितं हाय, मी बी हितंच हाय." नववीत माझा शाळेचा कुर्ता आखूड झाला, तेव्हा मी तो घेऊन गेले. वाटलं, संध्याकाळी तयार मिळेल. मामींनी माझ्या हातात ब्लेड दिलं आणि म्हणाल्या, "उसव." मी कात्री मागितली. "कातरीनं कापड जातं. ब्लेडानं नुसता दोरा जातो." दुपारभर बसून मी खालची पट्टी उसवली. आत दुमडलेलं कापड उन्हापासून लपलेलं होतं. तिथला निळा रंग अजून नवाच्या नवा होता. त्याच कापडाने तो कुर्ता पुढे वर्षभर पुरला.

कॉलेजला मी परभणीला जाऊ लागले, सकाळच्या पॅसेंजरने. आमच्या घरात दहावीच्या पुढे कुणी गेलं नव्हतं, त्यामुळे कॉलेजात काय घालतात हे सांगणारंही कुणी नव्हतं. आईच्या लग्नातल्या एका साडीचा ड्रेस करायचं ठरलं. मी मोठ्या ऐटीत कापलं, शिवलं, अंगात घातलं, तर उजवी बाही काखेत ओढायला लागली. दोन्ही बाह्या मी एकाच बाजूच्या कापल्या होत्या. मामी मशीनवर डोकं टेकवून हसल्या. "दोनी हात डावेच हायेत का गं तुला?" हसून झाल्यावर ब्लेड पुढे केलं. पदरातून नवी बाही निघाली. कॉलेजात एकीने विचारलं, "कोणत्या दुकानातून घेतलास?" त्या दिवशी मी ज्या तोऱ्यात चालले, तो अजून आठवतो.

नियमाला एकच अपवाद होता. आमच्याकडे बाळाला बारशापर्यंत नवं कापड घालत नाहीत. वापरून, धुऊन मऊ झालेल्या लुगड्याचं झबलं घालतात. गल्लीत कुणाची बाई दिवसांत असली की मामी स्वतः निरोप पाठवायच्या, "घरचं जुनं लुगडं धाडून द्या." झबलं त्या शिवायच्या. गुंडी नाही, नुसती नाडी. आणि शिवण बाहेरच्या बाजूला, म्हणजे बाळाच्या अंगाला टोचू नये. आयुष्यभर आतली बाजू तपासणाऱ्या बाईच्या हातचा हा एकच कपडा असा होता, की त्याची आतली बाजू जगासमोर असायची.

कापड मात्र नेहमी त्या घरचंच. मामींच्या पेटीत धुऊन धुऊन सायीसारख्या झालेल्या साड्या होत्या, त्यांतली चिंधीसुद्धा कधी झबल्याला लागली नाही. झबलं त्या दुसऱ्याच्या हाती पाठवायच्या. बारशाच्या आधी बाळ बघायलाही जात नसत.

पहिल्या बाळंतपणाला मी सासरहून, पाथरीहून, माहेरी आले. तोवर मला तिथल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी लागली होती. आईने जुनं लुगडं काढलं, तेव्हा मी म्हटलं, "मला मामींच्याच साडीचं झबलं पाहिजे."

आई बराच वेळ लुगड्याची घडी करत बसली. मग सांगितलं. माझा धाकटा भाऊ झाला तेव्हा मामींनी हौसेनं आपल्या साडीचं झबलं शिवून आणलं होतं. आजीने ते दारातच परत दिलं. "वांझेचं कापड नको माझ्या नातवाला." मामी "बरं" म्हणाल्या आणि गेल्या. "मी आत बाजंवर होते," आई म्हणाली. "सगळं ऐकलं. एक शबुद न्हाई बोलले."

मी तशीच मामींकडे गेले. त्या चष्मा कपाळावर ढकलून सुई ओवत होत्या.

"घरचं लुगडं आनलंस?"

"तुमचं पाहिजे, मामी."

"येड्यावानी करू नको. पहिलंच हाय तुझं."

"लोक काय म्हणतील ते म्हणू द्या."

"लोकाचं सोड गं." त्यांनी सुई मशीनच्या फळीवर ठेवली. "उद्या लेकराला नुसती शिंक आली, तर मलाच वाटंल कापडानं झालं. मग मी काय करू? सांग."

माझ्याकडे बोलायला पुष्कळ होतं. इतकी पुस्तकं हाताखालून गेली होती. त्यांतलं थोडं सांगून पाहिलं, तर मामींनी सुई उचलून पुन्हा ओवायला घेतली. मी परत आले.

दुसऱ्या दिवशी आई स्वतः गेली. मीही मागे गेले. आई उंबऱ्यातच बसली. "वैनी, तवा मी बोलले न्हाई. आज मागायला आले."

मामींनी मशीनवरची धूळ पुसली. धूळ नव्हतीच. "लय जुनी गोष्ट झाली, अक्का."

"जुनी आसंल. मी इसरले न्हाई."

मग मामींनी पेटी उघडली आणि तळातून एक पोपटी साडी काढली. कात्री माझ्या हातात दिली. "तू काप. मी न्हाई लावनार हात." आईने दुसरं टोक धरलं, पण तिचं लक्ष मामींकडेच होतं. कात्री वाकडी जायला लागली.

"सरळ धरा की अक्का! लेकराला झबलं करायचंय, पतंग न्हाई," मामी ओरडल्या, आणि तिघींनाही हसू आलं. शिवलं मात्र त्यांनीच.

मुलगी झाली. दवाखान्यात तिला ते पोपटी झबलं घातलं तेव्हा आयाबाई म्हणाली, "उलटं घातलंय की ओ." आई म्हणाली, "आसंच आसतंय ते."

तिसऱ्या दिवशी मुलीला कावीळ झाली. डॉक्टर म्हणाले, बऱ्याच बाळांना होते, घाबरू नका, दिव्याखाली ठेवावं लागेल. तिचे सगळे कपडे काढले आणि डोळ्यांवर पट्टी बांधून काचेच्या पेटीत निळ्या उजेडाखाली ठेवली. आईने गल्लीत कुणाला कळू द्यायचं नाही असं ठरवलं. पण आमच्या गल्लीत अशा गोष्टी कळल्याशिवाय राहत नाहीत.

दुपारी मामी दवाखान्याच्या पायरीवर बसलेल्या दिसल्या. निळा सदरा तसाच अंगात. घरातलं काम अर्धं टाकून आल्या होत्या. आत यायला तयार नव्हत्या.

"झबलं कुठं हाय?" त्यांनी विचारलं.

"माझ्या उशाला."

"जाळून टाक."

"मामी, तिथं सगळ्याच लेकरांना उघडं ठेवतात. शेजारच्या पेटीतल्या बाळाने तर नवं दुकानातलं घातलं होतं."

"मी सांगितलं हुतं तुला," एवढंच त्या म्हणाल्या. मी झबलं जाळलं नाही. त्या पायरीवरून उठल्या नाहीत. आईने चहा पाठवला, तो तसाच निवला. अंधार पडल्यावर आईने हात धरून त्यांना घरी नेलं. सकाळी त्या परत तिथेच.

डॉक्टरांनी मुलीला पेटीतून काढायला सांगितलं, तेव्हा मी तिला दुपट्यात गुंडाळून बाहेर पायरीवर नेलं. मामींच्या शेजारी बसले आणि त्यांच्या देखत तिला झबलं घालायला लागले. बाळाचा हात बाहीत जाईना. मी ओढायला लागले, तशा मामी चिडल्या. "थांब! मोडशील हात." त्यांनी स्वतःची दोन बोटं बाहीतून आत घातली, ती इवली मूठ धरली आणि अलगद बाहेर काढली. नाडी बांधली. मग बाहेरच्या शिवणीवरून नख फिरवलं, नेहमीसारखं. पण ते बोट मध्येच थांबलं आणि बाळाच्या पोटावर तसंच राहिलं.

आमच्याकडे आणखी एक रीत आहे. ज्याचं लेकरू दुखण्यातून नीट उठतं, त्याचं झबलं लोक मागून नेतात. मुलगी बाळसं धरायला लागल्यावर आधी शेजारच्या घरातून मागणी आली. तिथून ते पुढच्या गल्लीत गेलं. एकदा मामी मला म्हणाल्या, "त्या कोपऱ्यावरच्या घरी दोरीवर वाळायलंय ते. बगितलं मी." दुसरं काही म्हणाल्या नाहीत. मात्र त्यानंतर त्या बारशाची वाट न बघता बाळ बघायला जायला लागल्या.

गेल्या हिवाळ्यात मामी गेल्या. मला निरोप मिळाला, पाथरीहून बसने निघाले, पण पोचायला उशीर झाला. घराला कुलूप होतं. त्यांचा एक पुतण्या सगळं आटोपून गेला होता.

परत फिरले तेव्हा एका अंगणात दोरीवर ते पोपटी झबलं दिसलं. रंग विटला होता. मी थांबले आणि हात आपोआप वर गेला. कड चिमटीत धरून उलटवली आणि आतून बघितलं. आत शिवण नव्हतीच. मऊ कापड होतं, उन्हाने गरम झालेलं.

घरातून एका बाळाचं रडणं ऐकू आलं. झबलं वाळलं होतं. मी ते काढून घडी केली आणि बाळ बघायला त्या घराची कडी वाजवली.