बाराव्या काडीचं मूळ

मला दम म्हणून नाही. भात शिजला का, ते दहादा झाकण काढून बघणारी मी. त्यामुळे आईच्या जास्वंदीच्या अकरा काड्या मी मारल्या, हे आधीच कबूल करून टाकते.

आई गेली, त्याच्या दुसऱ्या वर्षी वडील रिटायर झाले आणि दीपनगरचं क्वार्टर सोडायची वेळ आली. खिडकीशी आईची गुलाबी, दुहेरी पाकळ्यांची जास्वंद होती. आई नरडाण्याची, अहिराणी बोलणारी. कुठलीही वाळकी फांदी नखानं खरवडायची, आत हिरवं दिसलं की म्हणायची, "जिती शे." म्हणजे जिवंत आहे. यावलचे माझे वडील तिच्या या बोलण्याची जन्मभर थट्टा करायचे.

मे महिन्यात ते झाड उपटून नेलं तर मेलंच असतं, आणि मागे ठेवलं तर आईच्या हातचं काहीच उरलं नसतं. म्हणून मी पेन्सिलीएवढ्या बारा काड्या कापल्या, दुधाच्या पिशव्यांत माती भरून रोवल्या आणि रोज उपटून बघत बसले, मूळ फुटलं का म्हणून! पंधरा दिवसांत एकच हिरवी उरली.

वडील भडकले. "अगं बाई, पळून चाललीय का ती?" उभ्या जन्मात झाडाला तांब्याभर पाणी न घातलेला हा माणूस दुसऱ्या दिवशी यावलला जाऊन केळीच्या खांबाचा हातभर तुकडा घेऊन आला. घड कापल्यावर बांधावर टाकून देतात, तो. त्याला भोक पाडून त्यांनी काडी खोचली. "यात पाणीच पाणी असतं. आता हात तर लावून बघ!"

सामानाच्या टेम्पोत तो तुकडा त्यांच्या मांडीवर होता. यावलच्या घरी त्यांनी तो मोरीशेजारी सावलीत ठेवला. महिनाभर मी मनावर दगड ठेवून लांब राहिले.

खांब कुजून मऊ झाला तेव्हा वडिलांनी तो हातानं उकलला. आणि आत, बाई गं, पांढरीशुभ्र मुळं! शिवायच्या दोऱ्याएवढी, पदरापदरांतून वाट काढत गेलेली. ना माती, ना खत. झाडापासून तोडलेल्या त्या टीचभर काडीला कुणी सांगितलं असेल, की खाली मूळ सोडायचं आणि वर पान? हात जोडावेसे वाटले.

मुळं समोर दिसत होती, तरी वडिलांनी काडी नखानं हळूच खरवडली. माझ्याकडे न बघता म्हणाले, "जिती शे."